चांगलंच बोलायची संध्याकाळ

सकाळी झऱ्याचं पाणी गढूळ आलं, आणि सनुबरनं ती गोष्ट नवऱ्यापलीकडे कुणाला न सांगता दिवसभर पोटात ठेवली. तिला हे किती जड गेलं असेल, ते तिच्या सासऱ्यांच्या, अलमर्दानच्या घरातल्या कुणालाही विचारा. सून म्हणून या घरात आली त्या दिवसापासून मनात आलेलं तिनं कधी शिळं होऊ दिलं नव्हतं. सासऱ्यांना बोलली, नवऱ्याला बोलली, हुकुमा आत्याला तर भर लग्नात बोलली. पण आज नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या आधीचा शेवटचा मंगळवार होता. या दिवशी सुलुदेरे गावात वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत.

संध्याकाळी लग्नाच्या वयाच्या पोरी मनात एक प्रश्न धरतात, पायाखाली किल्ली ठेवतात आणि दुसऱ्याच्या दाराला कान लावून उभ्या राहतात. आतून जे पहिलं बोलणं कानावर येईल, तेच त्यांचं नशीब. कुणाची पोर कुठल्या दाराशी उभी असेल याचा नेम नाही, म्हणून घरोघरी माणसं चांगलंच बोलतात. भांडणं, आजारपणं, गेलेल्यांच्या आठवणी, सगळं बुधवारवर ढकललेलं असतं.

पण पाण्याला बुधवार कळत नव्हता. हंड्यात बोटभर लाल गाळ बसला होता. लाल गाळ म्हणजे काय, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. अलमर्दान लहान असताना झरा असाच लाल झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गावाची जुनी आळी डोंगरासकट खाली आली होती. तिथे आता अक्रोडाची झाडं आहेत, आणि त्या झाडांचे अक्रोड कुणी खात नाही.

सनुबरनं सकाळीच नवऱ्याला गोठ्यात गाठलं होतं.

"अहो, झऱ्याला माती येतेय. लाल."

शिरजादनं गाईच्या सडावरचा हात काढला नाही. "बर्फ वितळतोय."

"बर्फाचं पाणी मी ओळखत नाही होय? ते पांढुरकं असतं. हे बघा, हाताला चिकटतंय."

त्यानं बघितलं नाही. बघितलं नाही म्हणूनच ती जास्त घाबरली. "सनुबर, आज नको," तो म्हणाला. "आज वागिफ येतोय बायकोला घेऊन. त्याच्यासमोर डोंगराचं नाव काढलंस, तर बाबांना वाटेल आपण सगळे मिळून त्यांना गावातून उठवायला बसलोय. उद्या सकाळी मी स्वतः बोलतो त्यांच्याशी."

"आणि रात्री काही झालं तर?"

"आजच्या दिवशी असं बोलतात का?" शिरजाद म्हणाला, आणि विषय तिथे संपला.

वागिफ म्हणजे तिचा धाकटा दीर. सुमगाइत शहरात कारखान्यात होता, सातव्या मजल्यावर राहत होता, आणि गेली तीन वर्षं प्रत्येक सणाला येऊन म्हाताऱ्याला तिकडे न्यायचं म्हणत होता. त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात गावातल्या आणखी चार घरांना कुलपं लागली होती. शाळेत पोरांपेक्षा खिडक्या जास्त. पण अलमर्दान हा विषय निघाला की समोवारातून चहा ओतून घ्यायचा आणि तो संपेपर्यंत कुणाचं ऐकायचा नाही.

आजही वागिफ आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून.

"गाडी कुठाय भावजी?" सनुबरनं विचारलं.

"खालच्या वळणावर ठेवली. म्हटलं चालत जाऊ, पाय मोकळे होतील."

त्याची बायको रुहंगिज टाचेच्या बुटात होती. ती बाई पाय मोकळे करायला डोंगर चढेल, यावर सनुबरचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. तिनं रुहंगिजकडे पाहिलं, तर रुहंगिज घाईघाईनं पाखलव्याच्या मिठाईचा डबा उघडायला लागली.

दिवस कलला तशी सगळी ओसरीवरच्या मोठ्या टेबलाभोवती बसली. मधे ताटात गव्हाचे हिरवे कोंब, रंगवलेली अंडी, घरातल्या प्रत्येक माणसामागे एक मेणबत्ती. बाहेर अंगणाअंगणांतून शेकोट्यांची लाकडं रचली जात होती. पोरं लोकांच्या दारांवर टोप्या फेकून, दार ठोठावून लपत होती. घरची बाई मुद्दाम जरा थांबून दार उघडायची, कुणाकडे न बघता टोपीत शकरबुऱ्याच्या गोड करंज्या, अक्रोड टाकायची आणि दार लावून घ्यायची. बघायचं नाही, हाच तर खेळ.

"बाबा, सुमगाइतच्या घराला लिफ्ट आहे," वागिफनं सुरुवात केली.

"कुठे जाते ती?"

"वर."

"वर तर मी लिफ्टशिवायही जाणारच आहे."

"अहो बाबा, आज असं बोलू नका ना!" रुहंगिज म्हणाली.

"मी स्वर्गाबद्दल बोललो. त्यात वाईट काय?" म्हातारा हसला. पण हसताना त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्याच्या नखांत ओली माती होती, आणि सणाच्या दिवशी अलमर्दान नखं घासल्याशिवाय टेबलावर बसलेला सनुबरनं कधी पाहिला नव्हता.

शिरजाद मधूनच उठून खिडकीशी जात होता.

"काय बघतोस रे सारखा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शेकोट्या पेटल्या का बघतोय."

"पेटल्या की दिसतीलच इथून. बैस."

सगळं गोडगोड चाललं होतं. या टेबलावर आज कुणीतरी खोटं वागतंय हे सनुबरला कळत होतं. कोण, ते कळत नव्हतं. पुलावाचं पातेलं आणायला ती उठली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मेणबत्त्या सगळ्या आहेत, पण माणूस एक कमी आहे, तिची लेक.

"चिमनाज कुठाय?"

"ती होय?" रुहंगिजचा चेहरा खुलला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ती मनापासून हसली. "माझ्याकडून किल्ली मागून घेऊन गेली. कान लावायला. लाजत होती बाई, गालांवर नुसत्या शेकोट्या पेटल्या होत्या."

"कुणाच्या दाराशी?"

"हुकुमा आत्याच्या, म्हणाली."

हुकुमा आत्या म्हणजे अलमर्दानची थोरली बहीण. ऐंशीच्या घरात आलेली, कानानं अधू, आणि नावाप्रमाणेच हुकूम सोडणारी. गावाच्या अगदी वरच्या टोकाला, कड्याच्या पायाशी तिचं घर. त्याच्या मागे घर नाही, नुसता डोंगर.

सनुबरनं हातातला डाव खाली ठेवला.

"झऱ्याला लाल माती येतेय," ती म्हणाली.

रुहंगिज म्हणाली, "वहिनी! आज!"

"सकाळपासून येतेय. हंडाभर पाण्यात बोटभर गाळ."

"सूनबाई," अलमर्दान हळू आवाजात म्हणाला, "दाराशी कुणाची तरी पोर असेल."

"असू दे. ऐकू दे तिला. माझी पोर कड्याखाली उभी आहे, बाबा!"

शिरजाद आता ओरडेल असं तिला वाटलं. तो ओरडला नाही. तो खिडकीकडे पाठ करून म्हणाला, "गोठ्याचं दार परवापासून लागत नाहीये. चौकट तिरकी झालीये. मी रंधा मारला, पुन्हा तिरकी झाली."

सनुबर त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मला म्हणालात बर्फ आहे."

"रस्ता फाटलाय," वागिफ म्हणाला. त्याच्या आवाजात आता सुमगाइतचा तोरा नव्हता. "खालच्या वळणावर. हात जाईल एवढी भेग. म्हणून गाडी तिकडेच ठेवली. मला वाटलं मी बोललो तर बाबा म्हणतील, आला लगेच घाबरवायला. उद्या बोलू म्हटलं."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. अलमर्दाननं हात टेबलावर ठेवले आणि त्या नखांकडे पाहत म्हणाला, "तुमच्या आईच्या कबरीचा दगड कलला होता. रविवारी मी सरळ करून बुडाशी माती घट्ट केली. आज सकाळी पुन्हा कललेला. पुन्हा सरळ केला."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?" सनुबर म्हणाली.

"बुधवारी सांगणार होतो."

भीती म्हणजे काय, ते सनुबरला त्या क्षणी कळलं. एकटीला जे माहीत होतं त्याची भीती तिला दिवसभर वाटलीच होती, पण ते सगळ्यांना माहीत होतं. आणि या घरात प्रत्येकाला माहीत होतं, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात कुणाच्या तरी पोटात असंच काहीतरी होतं. सगळं गाव बुधवारची वाट बघत चांगलं चांगलं बोलत बसलं होतं.

म्हातारा उठला. "शिरजाद, खालची आळी. वागिफ, तू मधली. सगळ्यांना ओढ्यापलीकडच्या कुरणावर न्या. जनावरंसुद्धा."

"बाबा, कुणी यायचं नाही," वागिफ म्हणाला. "आज जो घराबाहेर राहील तो सात वर्षं घराबाहेर राहील, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"मी आधी बाहेर पडतो. मला बघून पडतील." म्हाताऱ्यानं काठी घेतली. मेणबत्त्यांकडे एकदा पाहिलं. त्या विझवायच्या नसतात, म्हणून त्यानं विझवल्या नाहीत.

सनुबर तोवर गल्लीत पोचली होती.

चढ तिच्या ओळखीचा होता, पण आज पायाखाली तो नेहमीसारखा लागत नव्हता. कुंपणाच्या रचलेल्या दगडांतून मधूनच एखादा आपोआप सुटून घरंगळत होता. अक्रोडाच्या झाडांपाशी जमिनीच्या आतून करकर आवाज येत होता. अंगणांत शेकोट्या पेटल्या होत्या, पोरं उड्या मारत होती, बायका हसून म्हणत होत्या, "ये गं सनुबर, उडी मार, वर्षाची पीडा जाळ!" ती ओरडत होती, "खाली चला! कुरणावर चला! डोंगर सरकतोय!" आणि त्या कानांवर हात ठेवत होत्या. जेलाल सुताराची बायको तर चिडून म्हणाली, "जीभ आवर बाई, माझी गुलआरा कुणाच्या तरी दाराशी उभी असेल!" सनुबर थांबली नाही. मागून सासऱ्यांच्या काठीचे दारांवरचे ठोके ऐकू येत होते. आणि प्रत्येक दाराआड जरा थांबून, चेहरा न दाखवता, मिठाईची बशी बाहेर येत होती.

आत्याच्या दाराशी चिमनाज उभी होती. डोळे मिटलेले, कान फळीला, टाचेखाली किल्ली.

"चिमनाज!"

पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. "श्श! आई, आत्या अजून काही बोललीच नाही. एक शब्द ऐकू दे फक्त."

"खाली जा. आत्ता. आजोबा गल्लीत आहेत, त्यांच्याकडे जा."

"एक शब्द, आई. माझा प्रश्न अर्धवट राहिला तर वर्षभर..."

"जा म्हणते ना!" सनुबरनं तिला ढकललं आणि दारावर दोन्ही मुठी आपटल्या. दार चार बोटं उघडलं. सुरकुतलेल्या हातानं लाल अंडं आणि दोन शकरबुरा ठेवलेली बशी बाहेर सरकवली. हात आत गेला, कडी लागली.

सनुबर घराच्या मागे वळली आणि तंदुराच्या पडवीतून मागच्या दारानं आत घुसली. आत्या मेणबत्तीसमोर बसली होती. सुनेला बघून तिनं मान फिरवली. शरदापासून दोघींचा अबोला होता. "यंदाचा हिवाळा तुम्हाला वरच्या घरात झेपायचा नाही, खाली आमच्याकडे या," एवढंच सनुबर म्हणाली होती. आत्यानं त्याचा अर्थ घर बळकावायला निघाली असा लावला, आणि त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द नाही.

सनुबरनं तिचा हात धरून ओढला. आत्यानं झटकला. सनुबरनं हातानं दार दाखवलं, छताकडे बोट दाखवलं, डोंगर खाली येतो तशी हाताची खूण केली. आत्या भिंतीकडे बघत बसली. ऐकू येत नाही अशा माणसाला समजवायचं तर ओरडायलाच हवं, आणि पुढच्या दाराच्या फळीआड टाचेखालची किल्ली फरशीवर घासल्याचा बारीक आवाज आला. पोर गेली नव्हती. अजून पहिल्या शब्दाची वाट बघत उभी होती.

सनुबरचं तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीच्या नशिबात आपल्या तोंडानं काय टाकायचं हे ठरवायला कुठल्याही आईला एवढा कमी वेळ मिळू नये. छतातून मूठभर माती सुटून टेबलावर, मेणबत्तीशेजारी पडली.

"आत्या!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "हे घर मोडणार आहे! आज मोडणार! डोंगर येतोय!"

बाहेर काही हललं नाही.

आत्यानं मान वळवली. कितीतरी महिन्यांनी ती सुनेशी बोलली. "दाराशी कुणाची पोर असेल."

"माहीत आहे. माझीच आहे."

"आणि तरी बोललीस?"

"तरी बोलले."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "मग येतोय खराच," ती म्हणाली आणि उठली. आजच्या संध्याकाळी कुठलीच आई आपल्या पोरीच्या कानात असं खोटं घालणार नाही, हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती. रबरी बूट शोधायला लागली, डावा सापडेना. सनुबरनं तिला तशीच पाठीवर घेतली, कडी काढली. चिमनाज दारात उभी होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिनं पुढे होऊन आत्याचे लोंबणारे पाय धरले आणि तिघी उताराला लागल्या.

वाटेत अलमर्दान भेटला. तो आता दारं ठोठावत नव्हता. तो सरळ अंगणात शिरून ओरडत होता, "मी अलमर्दान! माझ्या तोंडून वाईट ऐका आणि चला!" ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस सणाच्या दिवशी स्वतःचं घर उघडं टाकून रस्त्यावर आलाय, हे बघून माणसं निघायला लागली होती. रजया, समोवार, मेंढ्या, टोपीभर मिठाई छातीशी धरलेली पोरं. कुरणावर पोचल्यावर कुरकुर सुरू झाली. अलमर्दानच्या सुनेनं सणाची वाट लावली, कुणीतरी म्हणालं. जेलाल सुताराच्या बायकोनं तर तोंडावर म्हटलं. सनुबरनं ऐकून घेतलं. मनात ती म्हणत होती, खोटं ठरू दे, मला वर्षभर शिव्या देऊ देत, पण खोटं ठरू दे.

आधी आवाज आला नाही. आधी वरची अक्रोडाची झाडं उभीच्या उभी थोडी पुढे आली. मग आवाज आला, आणि तो इतका खालून आला की पोरांनी कानांऐवजी पोटं धरली. आत्याच्या खिडकीतला मेणबत्तीचा उजेड तसाच जळत खाली सरकला, कितीतरी अंतर सरकला, आणि मग दिसेनासा झाला. वरची आळी गेली. मधल्या आळीच्या भिंती गेल्या. अलमर्दानच्या गोठ्यापाशी येऊन ते थांबलं. थांबलं, की दम खात होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हाताऱ्यानं माणसं मोजली. कुणीही कमी नव्हतं. त्यानं पुन्हा मोजली, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. जेलालची बायको गुलआराला कुशीत घेऊन जमिनीवर बसली होती आणि सनुबरकडे बघत नव्हती. शिरजाद येऊन बायकोशेजारी उभा राहिला. "मी सकाळी तुझ्या हातावरची माती बघितली होती," तो म्हणाला. "बघितली नाही असं दाखवलं." ते भांडण व्हायचं होतं, पण तिच्या अंगात आत्ता ताकद नव्हती.

वागिफ वडिलांना सुमगाइतचं काही बोलेल असं वाटत होतं. पण त्यानं आपला कोट काढून म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला, आणि म्हाताऱ्यानं तो राहू दिला.

मग चिमनाज आईजवळ आली.

"आई, मी पहिलं ऐकलं ते तुझंच," ती म्हणाली. "आत्या काहीच बोलली नव्हती. मी विचारलं होतं, माझं घर होईल का."

हे घर मोडणार आहे. सनुबरला आपलेच शब्द पुन्हा ऐकू आले. डोंगराला ती एवढी घाबरली नव्हती. उद्या ही पोर नांदायला जाईल, तिथे एक भांडं फुटलं तरी हिला आजचं आठवेल. चूल नीट पेटली नाही तरी आठवेल. आणि ते बोलणारी तिची आई.

"माझं पहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी आत आले तेव्हा आत्या आधीच काहीतरी बोलून गप्प झाल्या होत्या. मी दारावर मुठी आपटत होते, त्यात तुला ऐकू आलं नसेल."

"आई, मी कान लावून होते."

"आत्या!" सनुबर वळून ओरडली. सगळं कुरण ऐकत होतं. "मी आत यायच्या आधी तुम्ही काय म्हणाला होतात?"

हुकुमा आत्या रजईवर एका पायात मोजा, एका पायात बूट अशी बसली होती. जन्मभर तिनं कुणाची भीड ठेवली नव्हती, खरं बोलण्यापायी दोन भावजयांशी संबंध तोडले होते. तिनं सनुबरकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग डोंगराकडे, जिथे तिचं घर होतं तिथे आता नुसता ओला, काळा उतार होता.

"म्हणाले होते," ती मोठ्यानं म्हणाली, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, "ये गं पोरी. हे घर तुझंच आहे."

कुणी हसलं नाही. चिमनाजनं आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. दोघींची तोंडं कुरणावर पेटवलेल्या शेकोटीच्या उजेडात सारखीच घाबरलेली दिसत होती.

"हो," ती म्हणाली. "ऐकलं होतं मी. तेच पहिलं."